डोंगल: मराठी अक्षरांना लावलेलं कुलूप



आजच्या भागात लढाई नाही, किल्लाही नाही. आज एका कुलपाचा इतिहास सांगायचा आहे. हे कुलूप लोखंडाचं नाही. आगपेटीएवढा प्लॅस्टिकचा पांढुरका ठोकळा, एका टोकाला पंचवीस पिना, दुसऱ्या टोकाला पंचवीस भोकं. संगणकाच्या मागं जिथं प्रिंटरची वायर जोडायची, तिथं आधी हा ठोकळा खोचायचा आणि मग त्याच्या पाठीवर वायर लावायची. १९९० च्या दशकात पुण्यात, नागपुरात, इंदुरात किंवा हैदराबादेत ज्यांनी मराठी लग्नपत्रिका नाहीतर मंडळाची स्मरणिका छापून घेतली असेल, त्यांनी डीटीपीवाल्याच्या टेबलामागं तो नक्की पाहिला असेल. त्याचं नाव डोंगल. दुकानदार नुसतं 'लॉक' म्हणायचे.

हा विषय निघाला माझ्या भाच्यामुळं. आम्ही राहतो भिलाईत, जुनवानीला. भाचा जवळच राहतो आणि राइस मिलवाल्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवून विकतो. छत्तीसगडात सरकारी धान मिलवाल्यांकडे भरडायला जातं, त्याला कस्टम मिलिंग म्हणतात. क्विंटलभर धानामागं अरवा तांदूळ ६७ किलो परत द्यायचा, उसना असेल तर ६८ किलो. बारदाना, हमाली, वाहतूक, तूट, या सगळ्याचा हिशोब त्याचा प्रोग्राम ठेवतो. तीन वर्षं खपून त्यानं तो उभा केला. गेल्या पावसाळ्यात तो घरी आला तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणाला, "मामा, पूरा का पूरा उचलला हो माझा प्रोग्राम. नाव बदललं, रंग बदलला, अन् अर्ध्या किमतीत विकतोय."

मी विचारलं, "तुझाच आहे कशावरून?"

त्यानं एक छापील रिपोर्ट पुढं केला. त्यात 'हमाली'च्या जागी 'हामली' छापलं होतं. ही त्याची स्वतःची जुनी चूक, दुरुस्त करायची राहून गेलेली. चोरानं चुकीसकट माल नेला होता.

मला लगेच नकाशे आठवले. नकाशे विकणाऱ्या कंपन्या मुद्दाम एखादी नसलेली गल्ली नकाशात घालून ठेवतात. दुसऱ्याच्या नकाशात ती गल्ली सापडली की चोरी उघडी पडते. आणि नेमकं हेच संगणकाच्या पहिल्या मोठ्या खटल्यातही झालं होतं. फ्रँकलिन नावाच्या अमेरिकन कंपनीनं ॲपल-२ सारखा संगणक बाजारात आणला. ॲपलनं दावा लावला. फ्रँकलिनच्या डिस्कमध्ये 'ॲपलसॉफ्ट' हा शब्द आणि जेम्स ह्यूस्टन या ॲपलच्या प्रोग्रामरचं नाव जसंच्या तसं सापडलं. कॉपी केली नाही, असं म्हणायची सोयच उरली नाही. मग फ्रँकलिननं वेगळा मुद्दा काढला: चिपमध्ये कोरलेले एक आणि शून्य माणूस वाचू शकत नाही, मग त्याला कॉपीराइट कसला? १९८३ साली वरच्या न्यायालयानं सांगितलं की माणसाला वाचता येवो न येवो, प्रोग्राम ही लेखकाची कृती आहे आणि तिला संरक्षण आहे.

आपल्याकडं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम १९८४ च्या दुरुस्तीनं आला, आणि तो आला 'साहित्यकृती'च्या व्याख्येत. म्हणजे कायद्याच्या नजरेत माझ्या भाच्याचा तांदळाचा हिशोब आणि एखादी कादंबरी एकाच फळीवर. तो साहित्यिक आहे हे ऐकून भाच्याला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

पण कादंबरी आणि प्रोग्राम यांत एक मोठा फरक आहे. कादंबरी वाचायलाच विकतात. प्रोग्राम विकणारा म्हणतो, वापर पण वाचू नकोस. प्रोग्रामर जे लिहितो तो सोर्स कोड. त्यात नावं असतात, टिपा असतात, विचाराची दिशा दिसते. तो यंत्राच्या भाषेत उतरवला की नुसते आकडे उरतात, आणि गिऱ्हाइकाला तेवढेच मिळतात. माझे वडील भिलाई कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते, म्हणून मला हे त्यांच्या भाषेत पटकन समजतं. सोर्स कोड म्हणजे ड्रॉइंग, आणि गिऱ्हाइकाच्या हाती जातो तो रूळ. रुळाकडं पाहून ड्रॉइंग काढता येईल का? चांगला फिटर बराच वेळ घालवून थोडंफार काढेल. या उलट्या प्रवासाला डिकम्पायल करणं म्हणतात.

गंमत बघा, भिलाईचा कारखानाच मुळी ड्रॉइंग उघडपणे हातात आल्यामुळं उभा राहिला. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, त्यांचे इंजिनियर इथं आले, आपले तिकडं शिकायला गेले, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. ड्रॉइंग देणारा राजी होता, म्हणून ती चोरी नव्हती.

अक्षरांच्या धंद्यात मात्र ही भीती फार जुनी आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या देवनागरी खिळ्यांचे पंच कापले ते राणोजी रावजी आरू यांनी. पोलादाच्या कांडीच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकून मातृका करायची आणि मातृकेत शिसं ओतून खिळे पाडायचे. खरी मेहनत पंच कोरण्यात. पण विजेच्या मुलाम्याचं तंत्र आल्यावर विकत घेतलेल्या खिळ्यावरूनच तांब्याची मातृका उतरवता येऊ लागली. जगभरच्या टाइप फाउंड्रीवाल्यांची ही डोकेदुखी होती. कोरणाऱ्याची वर्षं जात, उतरवणाऱ्याचे दिवस.

आता संगणकाकडं येऊ. ३ फेब्रुवारी १९७६ ची तारीख असलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. लिहिणारा विशीतला बिल गेट्स. अल्टेअर नावाच्या छोट्या संगणकासाठी त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी बेसिक भाषा बनवली होती. ती भोकं पाडलेल्या कागदी फितीवर मिळायची, आणि हौशी मंडळी एकमेकांना फितीच्या नकला वाटत सुटली होती. गेट्सनं लिहिलं की अल्टेअर असलेल्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली आहे, आणि आमच्या मेहनतीचा हिशोब तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाही. पत्र उद्धट आहे, पण माझ्या भाच्याला ते दाखवलं तर तो प्रत्येक ओळीखाली सही करेल.

पत्रानं काही थांबलं नाही. मग कुलपं आली. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये वर्डक्राफ्ट नावाच्या लेखनाच्या प्रोग्रामला पहिलं डोंगल लागलं असं मानतात. कमोडोर पेट या संगणकाच्या कॅसेटच्या खाचेत एक छोटा तुकडा खोचायचा. तो नसेल तर प्रोग्राम बंद. फ्लॉपी कितीही वेळा नकला करा, तुकड्याची नक्कल फ्लॉपीवर होत नाही.

दुसरा उपाय लाहोरमधून आला, आणि तो फारच निराळा. बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोन भाऊ तिथं संगणकाचं दुकान चालवत. १९८६ मध्ये त्यांचा 'ब्रेन' नावाचा प्रोग्राम फ्लॉप्यांवरून जगभर पसरला. आयबीएम पीसीवरचा हा पहिला व्हायरस. त्यात त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा लिहिला होता! पुढं त्यांनी सांगितलं की आमच्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला शोधायला आम्ही तो केला. घरफोडीवर इलाज म्हणून गल्लीत पटकी सोडायची, असला हा प्रकार.

त्या पटकीचे रोगी मग पुण्यातही आले. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर. दहावीनंतर शिक्षण सोडून कॅलक्युलेटर दुरुस्तीत शिरले आणि त्यातून पुढं पुण्यात संगणक दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायचे. धाकटा भाऊ संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होता. तो हे व्हायरस उलगडून ते काढायचे प्रोग्राम लिहू लागला आणि त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यात क्विक हील उभं राहिलं. व्हायरसचा सोर्स कोड कुणी पाठवत नाही. हाती येतात ते आकडे. त्यांवरून आज्ञा, आणि आज्ञांवरून हेतू शोधायचा. चोर ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं पोलीसही जातो. म्हणून 'डिकम्पायल करणं म्हणजे चोरी' असं जेव्हा कुणी सरसकट म्हणतं, तेव्हा मला ते पटत नाही.

या वाटेचा सर्वांत शिस्तबद्ध प्रवास आयबीएम पीसीच्या बाबतीत झाला. १९८१ मध्ये तो संगणक आला. बाकीचे सुटे भाग बाजारात मिळत होते. आयबीएमचं स्वतःचं काय, तर बायोस नावाचा छोटा प्रोग्राम. त्याची यादीही आयबीएमनं माहितीपुस्तकात छापून टाकली. वाचणारा कुणी पुढं तसाच प्रोग्राम लिहील तर तो पुस्तकावरून उतरवला, असं म्हणायला आयबीएम मोकळी. कॉम्पॅकनं तोड काढली. दोन तुकड्या केल्या. एका तुकडीनं आयबीएमचा बायोस तपासून तो काय काय करतो याचं वर्णन लिहिलं, कसं करतो याचं नाही. दुसऱ्या तुकडीत ज्यांनी तो कधी पाहिलाच नाही असे लोक घेतले. त्यांनी वर्णनावरून नवा बायोस लिहिला. १९८३ मध्ये कॉम्पॅकचे संगणक विकायला लागले. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीनं अशाच पद्धतीनं केलेला बायोस कुणालाही विकायला काढला. मग ठिकठिकाणी स्वस्त पीसी जुळवले जाऊ लागले, आणि भारतातल्या गल्लीबोळांत जुळवलेले संगणक त्याच झाडाची फळं. मराठी डीटीपीचा धंदाही त्याच स्वस्त पीसीवर उभा राहिला.

आता आपल्या अक्षरांची गोष्ट. देवनागरी संगणकावर आणायचं मोठं काम आयआयटी कानपूरला झालं. तिथल्या मोहन तांबे यांचं नाव त्यात अग्रभागी. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर जिस्ट नावानं ते काम तिथं पुढं गेलं. जिस्ट कार्ड म्हणजे संगणकाच्या आत बसवायचं एक सर्किट. कार्ड असेल तर पडद्यावर मराठी. कार्डाची नक्कल फ्लॉपीवर होत नसल्यामुळं कुलपाचं काम आपसूक व्हायचं. तांबे आणि मंडळींनी आणखी एक मोठी गोष्ट केली. सगळ्या भारतीय लिप्यांसाठी अक्षरांना ठरलेले क्रमांक दिले. १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून ते प्रसिद्ध झालं, त्यालाच इस्की म्हणतात. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली होती.

म्हणजे १९९१ मध्ये मराठी अक्षरांचे क्रमांक ठरले होते. पण बाजारानं ते पाळले नाहीत. विंडोज आलं, पेजमेकर आलं. या प्रोग्रामांना फक्त इंग्रजी अक्षरं कळायची. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवलं. संगणकाला वाटतं तो टोपीवालं इंग्रजी 'ए' दाखवतोय, आपल्याला दिसतो 'म'. कुठल्या घरात कुठलं चित्र, हे प्रत्येक कंपनीनं आपलं आपण ठरवलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, बेंगळुरूचं आकृती, सी-डॅकचं आयएसएम. प्रत्येकाची घरं वेगळी. श्रीलिपी मराठी छपाईच्या धंद्यात घरोघरी पोचलं, आणि त्याच्यासोबत ते पांढुरकं डोंगलही.

कुलूप का लावलं, हे समजून घेतलं पाहिजे. देवनागरीच्या एका चांगल्या फॉन्टमध्ये दोनशेच्या आसपास चित्रं बसवावी लागत. प्रत्येक जोडाक्षर हातानं बसवायचं, प्रत्येक वेलांटीचं माप जुळवायचं. गिऱ्हाईक मोजकं, म्हणजे छापखाने, वर्तमानपत्रं, सरकारी कचेऱ्या. एका गावात एक पॅकेज खपलं आणि दहा दुकानांत नकला पोचल्या की दुसरं पॅकेज बनवायला कंपनी शिल्लक राहणार नाही. मी स्वतः काही धुतल्या तांदळाचा नाही. एका पोस्टिंगच्या ठिकाणी आमच्या कार्यालयात हिंदी टायपिंगचा प्रोग्राम कुणीतरी फ्लॉपीवर घालून आणून दिला होता. आम्ही तो तीन वर्षं वापरला. हा कुणाच्या पोटावर पाय आहे, असा विचारसुद्धा त्या वेळी मनात आला नाही.

कुलूप टिकलं का? डोंगलचं साधं रूप असं. प्रोग्राम सुरू होताना डोंगलला एक प्रश्न विचारतो, डोंगल ठरलेलं उत्तर देतं. उत्तर बरोबर असेल तर पुढं जा, नसेल तर थांब. फोडणारा डोंगलच्या वाटेला जातच नाही. तो प्रोग्रामच्या आकड्यांत ती एक 'असेल तर, नसेल तर'ची जागा शोधतो. इंटेलच्या चिपमध्ये 'उत्तर जुळलं नाही तर उडी मार' या आज्ञेचा आकडा सोळाच्या पाढ्यात ७५. त्या जागी ७४ घातलं की अर्थ उलटा होतो: जुळलं तर उडी मार. ईबी घातलं तर काहीही असो, उडी मारच. लाखो आकड्यांतला एक आकडा बदलला की हजारो रुपयांचं कुलूप निकामी. मग कंपन्यांनी ती विचारपूस एका जागी न ठेवता पन्नास जागी विखुरली, प्रोग्रामचा काही भाग गुप्तलिपीत ठेवून त्याची किल्ली डोंगलमध्ये ठेवली, कुणी आकडा बदलला तर बेरीज चुकेल अशी व्यवस्था केली. फोडणाऱ्यांचा वेळ वाढला, फोडणं थांबलं नाही.

फौजेत सुरुंगक्षेत्र आखायला शिकवतात तेव्हा पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोक्यात भरवतात: ज्या अडथळ्यावर आपल्या बंदुकांची नजर नाही, तो अडथळाच नव्हे. तार आणि सुरुंग शत्रूला अडवत नाहीत, फक्त उशीर करतात. त्या उशिरात बंदुकांनी काम करायचं असतं. डोंगलवाल्यांकडं कुलूप होतं, बंदुका नव्हत्या. कायदा होता, पण दावा लावायला वकील, साक्षी आणि दहा वर्षांची उमेद लागते.

आता त्या कुलपाची दुसरी बाजू, आणि ही माझ्या घरातली आहे.

वडील १९५७ मध्ये वर्ध्याहून भिलाईला आले. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या. रशियन इंजिनियर, पहिली भट्टी, सेक्टरमधली घरं, गणेशोत्सवासाठी चाललेली धडपड. १९९८ मध्ये नागपुरात एका ठिकाणी त्या टाइप करून घेतल्या. छापायचं राहून गेलं. वडील गेले. हस्तलिखिताला वाळवी लागली. उरली एक सीडी आणि नमुन्यादाखल काढलेली बारा छापील पानं. काही वर्षांपूर्वी सीडी उघडली तर पडद्यावर टोप्या, टिंबं आणि आडव्या रेघा असलेली परदेशी अक्षरं. दीडशे पानं नुसती तीच. नागपूरचं दुकान केव्हाच बंद झालेलं. कुणीतरी सुचवलं, फोडलेली आवृत्ती मिळते, आणू का? मी नको म्हटलं. एकदा केलं होतं ते पुरे होतं.

आमच्या शेजारी इंजिनियरिंगचा एक विद्यार्थी भाड्यानं राहत होता. बस्तरकडचा, मराठीचा गंध नाही. त्याला मी ती बारा छापील पानं आणि त्याच पानांची सीडीवरची अक्षरं दाखवली. तो म्हणाला, "अंकल, ये तो बस कोड है." खरंच होतं. प्रत्येक चित्राला एक परका आकडा. छापील पान समोर ठेवायचं आणि जोड्या लावायच्या. 'आहे' किती वेळा येतो ते मोजलं, तिथून सुरुवात झाली. अडचणी मजेशीर होत्या. 'ण' एक अक्षर नव्हता, अर्धा 'ण' आणि वेगळा काना अशी जोडी होती. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, कारण चित्र म्हणून ती आधी येते. 'गिरणी' लिहिताना आधी वेलांटी, मग 'ग'. रफार मात्र अक्षराच्या नंतर. 'सूर्य' मध्ये 'य' झाला की मग रफार. युनिकोडमध्ये हे सगळं उच्चाराच्या क्रमानं लागतं. त्या मुलानं अदलाबदलीचे नियम लिहिले, मी चुका सांगत गेलो. दोन रविवार लागले. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पडद्यावर पहिलं वाक्य वाचता आलं, आणि मी उठून गच्चीवर गेलो.

वडिलांच्या आठवणी कुणी चोरणार नव्हतं. कुलूप त्यांच्यासाठी नव्हतंच. ते कंपनीच्या प्रोग्रामसाठी होतं. पण प्रोग्रामबरोबर मजकूरही आत अडकला. एका कंपनीच्या घरांत टाइप केलेलं पुस्तक दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये कचरा दिसायचं, म्हणून छापखाना एकदा ज्या कंपनीकडं गेला तिथंच राहायचा. महाराष्ट्रात आणि बाहेर त्या पंधरा-वीस वर्षांतली किती दिवाळी अंकांची, संस्थांच्या अहवालांची, पुस्तकांची पानं अशी पडून असतील, कल्पना करा. पुढं विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आलं. त्यातला मंगल हा फॉन्ट मूळ सांगलीच्या र. कृ. जोशींनी रेखाटलेला. आकृतीवाल्यांनी आपले काही फॉन्ट मुक्त परवान्यावर दिले, सरकारनं भारतीय भाषांची साधनं सीडीवर फुकट वाटली, आणि डोंगलची गरज हळूहळू ओसरली.

आमच्या दोन रविवारांवर एका मित्रानं विचारलं, हे कायद्यात बसतं का? आम्ही कुणाचा प्रोग्राम उघडलाच नव्हता, आमच्याच मजकुराची अक्षरं मोजली होती. पण प्रोग्राम उघडावा लागला असता तरी आपला कायदा वाटतो तितका आंधळा नाही. कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीनं दोन सवलती आल्या. प्रोग्राम ज्याच्याकडं रीतसर आहे त्याला दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रामशी तो जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढता येते, मात्र ती सहज मिळत नसेल तरच. आणि प्रोग्राम चालवताना त्यामागची तत्त्वं समजून घ्यायला त्याचं निरीक्षण करता येतं. २०१२ मध्ये कलम ६५-अ आलं. कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, पण हक्क मोडण्याच्या हेतूनं फोडलं तर. 'हेतूनं' हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणं हाच गुन्हा धरला आहे आणि सवलती मोजून-मापून दिल्या आहेत. या बाबतीत आपला कायदा मला जास्त शहाणा वाटतो.

दुसऱ्या बाजूला दातही आहेत. चोरीचा प्रोग्राम आहे हे माहीत असून वापरला तर कलम ६३-ब खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. आणि २००५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. रिलायन्सनं स्वस्तात दिलेले मोबाइल आतला कोड बदलून टाटा इंडिकॉमवर चालवल्याचा आरोप होता. न्यायालयानं म्हटलं की मोबाइल हाही संगणकच, आणि असं छेडछाड करणं गुन्ह्यात बसू शकतं. त्या आरोपापुरता खटला रद्द करायला नकार दिला.

भाच्याच्या प्रोग्रामचं काय झालं? त्यानं तो डॉट नेटमध्ये लिहिला होता. तिथंच मेख होती. जुन्या सी भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत गेला की नावं गळून पडतात. जावा आणि डॉट नेट यांत तो मधल्या एका भाषेत जातो आणि नावं तशीच राहतात. जावा नवी असतानाच, १९९६ मध्ये, हानपीटर व्हान व्ह्लीट या डच प्रोग्रामरनं मोका नावाचा डिकम्पायलर काढला. त्यात तयार प्रोग्राम टाकला की जवळजवळ मूळ कोड बाहेर. गदारोळ झाला. मग त्यानंच क्रेमा नावाचं औषधही काढलं, जे नावं पुसून अर्थहीन अक्षरं घालायचं. रोग आणि औषध एकाच घरचं. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो कॅन्सरनं गेला.

क्रेमाच्या वाटेनं पुढं मोठं शास्त्र उभं राहिलं. नावं पुसा, सरळ रस्त्याला पन्नास खोटी वळणं द्या, वाक्यं गुप्तलिपीत ठेवा. १९९७ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात कोलबर्ग, थॉमबोर्सन आणि लो यांनी या युक्त्यांचं वर्गीकरण केलं. आणि २००१ मध्ये सात शास्त्रज्ञांनी मिळून गणितानं सिद्ध केलं की कुठलाही प्रोग्राम आत टाकला तर तो पूर्ण अपारदर्शक करून देईल असं सर्वगुणसंपन्न यंत्र बनूच शकत नाही. ते भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "मग काय, हात बांधून बसू?"

नाही बसला. नावं पुसणारं साधन लावलं. सरकार दर हंगामात नियम बदलतं, त्याचा हिशोब करणारा भाग त्यानं गिऱ्हाइकाच्या संगणकावरून काढून आपल्या सर्व्हरवर नेला, म्हणजे तिथं उघडायला काही उरलंच नाही. मिलमध्ये नेट जातं, म्हणून तीन दिवस नेटविना चालेल अशी सोय ठेवली. नक्कल करणाऱ्याला वकिलाची नोटीस गेली, सोबत 'हामली'वाला रिपोर्ट. त्यानं विकणं बंद केलं की नुसतं नाव पुन्हा बदललं, हे पुढच्या हंगामात कळेल.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमत नाही. मी म्हटलं, "अरे, तुझ्या प्रोग्रामला हवी तेवढी कुलपं लाव, पण मिलवाल्याचा दहा वर्षांचा हिशोब साध्या फायलीत बाहेर काढायचं एक बटण दे. तू उद्या धंदा बंद केलास तर त्याचं काय?" तो म्हणाला, "मामा, असं बटण दिलं तर उद्या तो दुसऱ्याकडं जाईल हो." मी त्याला आजोबांची सीडी दाखवली. महिनाभरानं त्यानं बटण दिलं. ते त्यानं चौथ्या मेनूच्या तळाशी लपवलं आहे, आणि ते वर आणायचं की नाही यावर आमची दर रविवारी चहाच्या वेळी खडाजंगी होते.

पुढच्या भागात रायपूर आणि रतनपूरच्या भोसल्यांकडं वळू. जय हिंद.